चारशे बाराचा अभिप्राय

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघांचा कागद चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना सभासदानं त्यावर आपला क्रमांक घालायचा आणि चार ओळींत मत लिहायचं. नाव नाही, सही नाही. ही पद्धत माझ्या मावशीची. वाचनालयही तिचंच. एका बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या खोलीत, तीन कपाटं आणि एक लंगडं टेबल घेऊन तिनं ते सुरू केलं होतं. तिचा नियम एकच. "पुस्तक खोटं असलं तरी चालेल, मत खोटं चालणार नाही." न वाचताच 'उत्तम' असं लिहिणाऱ्या एका वकिलाला तिनं सगळ्यांदेखत नायकाच्या बायकोचं नाव विचारलं होतं. त्यानं डोकं खाजवून काहीतरी नाव सांगितलं. त्या पुस्तकात नायकाचं लग्नच झालेलं नव्हतं. वकील पुन्हा वाचनालयाकडे फिरकला नाही आणि मावशीला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशी आणि काकांना मूल नव्हतं, त्यांनी मला वाढवलं. काका घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं मोहरीएवढी चाकं उचलायची, हे त्यांचं आयुष्य. मावशीनं माझं अक्षर घडवलं. रोज एक पान, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडेपर्यंत. तो घट्टा अजून आहे. पुढे तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "बबडे, पुस्तकं हरवली तरी चालतील. कागद सांभाळ." पन्नाशी उलटली तरी मी तिच्यासाठी बबडीच.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून केलं असं कुणाला वाटायला नको.

गेल्या वर्षी मी 'साचा क्रमांक सात' नावाची एक कादंबरी घेतली. मीच निवडली. गोष्ट अशी: एका शहरातली कंपनी म्हाताऱ्या, आजारी माणसांना गुपचूप उचलते आणि त्यांच्या जागी त्यांचे हुबेहूब क्लोन ठेवते. घरच्यांना पत्ता लागत नाही. एका सरकारी कचेरीतल्या कारकून बाईला नवऱ्याचा संशय येतो. ती कागद उकरत उकरत एका तळघरापर्यंत पोचते आणि तिला कळतं की घरातला नवरा ही सातवी प्रत आहे. आधीचे सहा कधी आले, कधी संपले, तिला काहीच कळलेलं नाही. शेवटी ती घरी येते, तो दाराबाहेर उभा असतो, आणि ती सगळं माहीत असून दार उघडते. मी ते पुस्तक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत संपवलं आणि अर्धा तास उशिरा वाचनालय उघडलं. असं माझ्याकडून कधी होत नाही.

सभासदांचं मात्र एकमत होईना. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं लिहिलं, 'दोन दिवस बायकोकडे पाठ करून झोपलो नाही.' शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी लाल पेनानं लिहिलं, 'विज्ञान कच्चं. क्लोन बाळ म्हणून जन्माला येतो, पन्नाशीचा माणूस तयार होऊन पेटीतून निघत नाही. दहापैकी तीन.' एकाच कार्डावर पुस्तकं नेणाऱ्या दोघी जुळ्या बहिणींनी लिहिलं, 'आम्ही जन्मापासून एकमेकींच्या प्रती आहोत. घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.' आणि एका सभासदानं फक्त एवढंच: 'माझ्या वडिलांची अशी प्रत मिळत असेल तर कंपनीचा पत्ता द्यावा.' ते वाचून मी पुस्तक थोडा वेळ तसंच मांडीवर ठेवलं.

मग ते औषधवाल्याकडे गेलं. त्यानं लिहिलं, 'कचरा. शेवट अजिबात पटत नाही. असल्या नवऱ्याला कोण घरात घेईल? वाचनालयानं निवडताना डोकं वापरावं.' तेवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण हा गृहस्थ दुकानात खोकल्याचं औषध देता देता गिऱ्हाइकांना शेवट सांगत सुटला. महिनाभर पुस्तकाला कुणी हात लावला नाही. मला राग लवकर येतो. काका म्हणतात, हिच्या नाकावर राग नाही, हिच्या रागालाच नाक फुटलंय. माझं डोकं वापरलेलं नाही म्हणजे काय? ज्याला चार गोळ्यांच्या पट्टीपलीकडे काही वाचता येत नाही, त्यानं मला शिकवायचं?

मी जे केलं त्याच्या आदल्याच दिवशी मावशीकडे चहाला गेले होते. काका न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडून बसले होते. प्लास्टर निघालं होतं पण पकड आली नव्हती, म्हणून कप डाव्या हातात धरून, थोडा सांडत, चहा पीत होते. ते चित्र माझ्या डोळ्यांत राहिलं असणार.

मी 'साचा क्रमांक सात' टेबलावर घेतलं. चारशे बारा हा क्रमांक गाव सोडून गेलेल्या एका सभासदाचा होता, त्याचं कार्ड मी स्वतःच रद्द केलं होतं. बोथट पेन्सिल घेतली. मावशी गावातल्या निम्म्या लोकांचं अक्षर ओळखते, माझं तर तिनंच घडवलेलं, म्हणून पेन्सिल डाव्या हातात धरली आणि लिहिलं:

'हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझ्या घरात हे घडलं आहे. तोच चेहरा, तोच आवाज, तोच खोकला. फक्त चहाचा कप तो आता डाव्या हातानं उचलतो. ज्याला डोळे आहेत त्यानं आपल्या घरात नीट बघावं.'

वाकडीतिकडी अक्षरं उमटली. मला हसू आलं. खरं सांगते, मला मजा वाटली.

पुस्तक चालायला लागलं. चालायला कसलं, पळायला लागलं. लोक आधी मागचं पान उघडून चारशे बाराचा अभिप्राय वाचत आणि मग पुस्तक नेत. खाली नवी मतं आली. 'चारशे बारा, पोलिसांत गेलात का?' 'चारशे बारा, पोलिसांत नको, डॉक्टरकडे जा.' जीवशास्त्राच्या बाईंनी पुस्तक दुसऱ्यांदा नेलं आणि गुण तीनावरून साडेतीन केले. औषधवाला स्वतः येऊन म्हणाला, "कोण हो हा चारशे बारा? वेडा आहे का?" मी म्हणाले, "सभासदांची माहिती आम्ही देत नाही." तो गेल्यावर मी कपाटाआड जाऊन पोटभर हसले.

मावशी मला रोज दुपारी चार वाजता मोबाईलवर फोन करायची. "आज काय परत आलं? कोण काय म्हणालं?" वर्षापूर्वी तिला विसरण्याचा आजार असल्याचं निदान झालं होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, शेजारीण तीन वेळा येऊन गेली तरी तीन वेळा नव्यानं गप्पा व्हायच्या. पण पुस्तकाचा विषय निघाला की तीच जुनी मावशी. डॉक्टर म्हणाले होते, वाचू दे, जेवढं वाचेल तेवढं चांगलं. एके दिवशी ती फोनवर म्हणाली, "त्या क्लोनच्या पुस्तकावरून भांडणं चाललीयत म्हणे. मला नाही आणून दिलंस ते?"

मी शनिवारी दिलं. हरखून दिलं. निवड माझी होती ना, तिची शाबासकी मला अजूनही लागते. तिची सवय मला माहीत होती: आधी मागचा कागद, मग पुस्तक. "आधी माणसं काय म्हणतात ते बघावं, मग लेखक." ते माहीत असून कागद काढून ठेवावा असं माझ्या मनात आलं नाही. तिनं लहानपणी शिकवलेलं इतकं अंगात मुरलेलं, की कागद फाडणं म्हणजे पाप. खोटं लिहायला मात्र हात कचरला नव्हता.

तीन आठवड्यांनी चारचा फोन आला. पुस्तकांचं काही विचारलं नाही. आवाज दबका. "बबडे, एक सांग. तुझे काका चहा कुठल्या हातानं पितात?"

"उजव्या. पण हात मोडल्यापासून डाव्या."

"कुणाचा हात मोडला?"

"अगं, काकांचा. न्हाणीघरात पडले नाहीत का? तूच तर ओरडत होतीस, चप्पल घाला म्हणून."

मग म्हणाली, "मला असं काही आठवत नाही. पडले असते तर मला आठवलं असतं." आणि फोन ठेवला. मी टेबलाशी बसून राहिले. समोर एक सभासद पुस्तकावर शिक्का मारून घ्यायला उभा होता, त्याला मी दोनदा 'काय हवंय' म्हणून विचारलं.

त्यानंतर गोष्टी भराभर बिघडल्या. काकांनी दिलेल्या गोळ्या ती तोंडात धरायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. त्यांनी रांधलेलं खाईना, बिस्किटांच्या पुड्यावर राहायला लागली. त्यांना 'अहो' म्हणणं बंद झालं. माझ्याशी बोलताना ती त्यांना 'ते गृहस्थ' म्हणायची. "ते गृहस्थ वागायला सभ्य आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघ ना, घड्याळाला हात लावत नाहीत. तुझ्या काकांचं असं होईल का? माझ्या माणसाला घेऊन गेलेत गं." काकांनी तिला एक्स-रे दाखवला. ती म्हणाली, एक्स-रे कुणाचाही असू शकतो. सेहेचाळीस वर्षांचा संसार. काका स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजी टाकून झोपायला लागले, कारण बेडरूमला तिनं आतून कडी घातली होती.

डॉक्टरांना मी भेटले. ते म्हणाले, "या आजारात असं होतं. जवळच्या माणसाचा चेहरा दिसतो, पण तो आपला आहे असं आतून वाटत नाही. मग मेंदू कारण शोधतो." मी पुस्तकाचं सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकामुळे आजार झाला नाही. आजाराला पुस्तक सापडलं, एवढंच." माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील. मला समाधान झालं नाही. पुढे म्हणाले, "गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर घरी ठेवणं धोक्याचं आहे. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत पहिल्या तारखेला एक जागा रिकामी होतेय. नाव घालून ठेवा."

हे ऐकल्यावर काका वाचनालयात आले. ते कधी येत नसत. ओळी हलतात म्हणायचे, आपल्याला काटे बरे. आत येऊन त्यांनी पिशवीतून 'साचा क्रमांक सात' काढलं आणि माझ्या टेबलावर शेवटच्या पानावर उघडून ठेवलं. डाव्या हाताचं बोट माझ्या ओळींवर.

"हा चारशे बारा कोण आहे?"

मी शिक्का उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"पुस्तकाचं ती मनावर घेत नाही. मी म्हटलं तिला, त्या पुस्तकातली बाईसुद्धा शेवटी नवऱ्याला घरात घेते ना? तर म्हणाली, ती लेखकाच्या हातात होती, मी नाहीये. लेखकानं रचलंय हे तिला कळतं गं. पण हे कागदावरचं रचलेलं नाही असं म्हणते. तुझ्या मावशीचा तो नियम. मत खोटं नसतं." ते खुर्चीत बसले. गेल्या महिन्यात त्यांची मान बारीक झाली होती, शर्टाची कॉलर भोवती फिरत होती. "त्या माणसाला शोध. हातापाया पडतो त्याच्या. त्यानं एकदा घरी येऊन तिला सांगितलं ना, की बाई, मी गंमत केली, तर ती ऐकेल. मला तिला तिथं पाठवायचं नाही, बबडे. तिला रात्री तहान लागते. पाणी कोण देणार तिथं?"

"बघते," मी म्हणाले.

बघते! मी कुठे बघणार होते, आरशात? त्याच क्षणी बोलायला हवं होतं. नंतर नऊ दिवस मी रोज ठरवलं की आज सांगायचं, आणि रोज काहीतरी निमित्त काढलं. आज बाइंडर येणार आहे. आज डोकं दुखतंय. काका फोन करून विचारायचे, "सापडला का गं?" मी म्हणायचे, "पत्ता बदललाय, शोधतेय." ज्या बाईला वकिलाची थाप दोन मिनिटांत पकडता यायची, तिच्या हाताखाली मी तयार झाले होते, आणि थापा मारण्यात मी कुणाला हार जाणार नव्हते. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नाही.

दहाव्या दिवशी संस्थेतून फोन आला, कागदपत्रं घेऊन या. महिना संपायला दोन दिवस होते. मी वाचनालयाला दुपारीच कुलूप लावलं, पुस्तक आणि एक पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि मावशीकडे गेले.

माझा आवाज ऐकून तिनं दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा उजळला. गेले कित्येक दिवस त्या घरात तिला आपलं वाटणारं एकच माणूस येत होतं, आणि ते मी. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, पुढे आले नाहीत. तिला आवडत नाही हे त्यांना माहीत होतं. मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेऊन बसले आणि तो कागद उघडला.

"मावशी, हे मी लिहिलंय."

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय लिहिलंयस?"

"हे. चारशे बाराचं. असा कुणी सभासद नाही. औषधवाल्यावर चिडून मी लिहिलं. काकांचा कप मी इथंच पाहिला होता, हात मोडल्यावर. तोच घातला. घरात कुणी बदललेलं नाही. ते काकाच आहेत, मावशी. माझी चूक आहे सगळी."

काकांच्या बाजूनं काहीतरी आवाज झाला. त्यांनी दाराची चौकट धरली होती. मी तिकडे बघितलं नाही.

मावशी हसली. लहान मुलाची समजूत घालावी तसं. "तू असलं लिहिणार नाहीस गं. तुला मी ओळखते. कुणाला पाठीशी घालतेयस?"

"कुणालाच नाही. मीच लिहिलं."

"अक्षर तुझं नाही."

"मुद्दाम बदललं. तू ओळखशील म्हणून."

"लिहून दाखव."

ते ऐकून मला बरंच वाटलं. तीच मावशी, वकिलाला पकडणारी. पुरावा मागणारी. मी पुरावा द्यायलाच आले होते. पर्समधून पेन्सिल काढली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्याच कागदाच्या तळाशी तीच ओळ लिहिली, 'माझ्या घरात हे घडलं आहे.' तशीच वाकडी, तशीच 'घ'ची गाठ सुटलेली. तिनं काकांचं भिंग खिडकीतून उचललं, डोळ्याला लावलं आणि वरची ओळ, खालची ओळ, पुन्हा वरची, अशी कितीतरी वेळ बघत राहिली.

"अक्षर तेच आहे," ती म्हणाली.

माझ्या छातीवरचा दगड हलला. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

मग मावशीनं भिंग खाली ठेवलं. ती कागदाकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. पेन्सिल अजून माझ्या डाव्या हातात होती.

माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी पेन्सिल टाकलीसुद्धा, पण टाकून काय होणार? ती खुर्ची मागे सरकवून उठली. गुडघे दुखत असूनही चटकन उठली आणि भिंतीला टेकली. "माझी भाची उजव्या हातानं लिहिते," ती म्हणाली. "मी शिकवलंय तिला. आणि ती खोटं लिहिणार नाही. मारून टाकलं तरी नाही."

"मावशी, हा बघ घट्टा. बोटाला बघ."

"जवळ येऊ नका."

'नका' म्हणाली. बेचाळीस वर्षांत तिनं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "मी आरडाओरडा करणार नाही," ती म्हणाली. बोलणं सरळ होतं. "तुम्ही दोघं आता जा. तिला कुठं ठेवलंय तेवढं सांगा. तिला दुखवू नका. तिला आई नाहीये."

काकांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. आम्ही उंबरा ओलांडला आणि दार लागलं. वरची कडी, खालची कडी, मग साखळी. तिन्ही.

आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी सायकल आपटत होतं.

"नऊ दिवस मी तुला विचारत होतो," काका म्हणाले.

"हो."

"आणि कप माझाच घेतलास."

"हो, काका."

ते आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी चाललं असतं. ते आपलं उजवं मनगट डाव्या हातानं चोळत राहिले.

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. चार वाजले होते. पडद्यावर मावशीचा नंबर.

मी तो कानाला लावला.

"बबडे?" तीच, रोजची हाक. "बबडे, कुठे आहेस तू? नीट आहेस ना?"

तिचा आवाज दोन्हीकडून येत होता, फोनमधून आणि पाठीमागच्या दारातून. चेहरा समोर नव्हता, नुसता आवाज होता, आणि आवाज तिनं ओळखला होता. मला रडू फुटलं ते मी ओठ चावून दाबलं. "मी नीट आहे, मावशी. वाचनालयात आहे."

पुन्हा खोटं. आता तेवढंच हातात राहिलं होतं.

"इकडे येऊ नकोस," ती कुजबुजली. "तुझ्यासारखी दिसणारी एक येऊन गेली. हुबेहूब गं. मी आधी फसले. तू दार नीट लावून बस."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी हात पुढे केला, डावाच, आणि मी फोन त्यांना दिला. त्यांनी तो कानाला लावला. घरातल्या घरात कोण कुणाला फोन करतं? गेल्या महिनाभरात हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

"अगं," ते शेवटी म्हणाले.

मग मावशी जे रडली, ते मी जन्मात विसरणार नाही. "अहो! अहो, कुठे आहात तुम्ही? किती दिवस झाले! जेवलात का? तुम्हाला ते लोक जेवायला देतात का?"

"देतात," काका म्हणाले. "मी बरा आहे. तू गोळ्या घेतल्यास का?"

"त्या माणसानं दिलेल्या मी घेत नाही."

"त्या मीच आणून ठेवल्यात. निळ्या डबीतल्या. आत्ता घे. मी फोन धरून बसतो."

दारामागे पावलं वाजली, पाय ओढत चालल्यासारखी. कपाट उघडलं. नळ सुरू झाला, बंद झाला. पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. काका दाराकडे पाठ करून बसले होते, हात लांब केला असता तर दाराला लागला असता.

"घेतली," मावशी म्हणाली. "आता घरी कधी येताय?"

काकांनी डोळे मिटले. "येतो. थोडं काम राहिलंय."

"लवकर या. आणि अहो, येताना जपून या हं," ती आवाज खाली करून म्हणाली. "ते दोघं अजून जिन्यात बसलेत."

"बरं," काका म्हणाले. "जपून येतो."